दौलतकाकाजींचा हात

दौलतकाकाजींचं चहा पिणं बघण्यासारखं असे. कपबशी आधी ओट्यावर ठेवायची, मग उजव्या अंगानं दाराच्या चौकटीला टेकायचं, कोपर बरगडीला घट्ट लावायचं आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून कप उचलायचा. मग एक लांब श्वास घ्यायचा, त्यातला अर्धा सोडायचा आणि उरलेला आत तसाच धरून एक घोट. घोट गिळला की उरलेला श्वास सोडून समोरच्या रस्त्याकडे असे बघायचे, की या माणसानं आत्ता काहीतरी मोठं पार पाडलं असावं. पांढरकवड्याला मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून गेले, त्या पहिल्याच सकाळी माझ्या थोरल्या भावानं हा प्रकार पाहिला. ट्रंक खाली ठेवायच्या आधी त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "माणूस पिणारा दिसतो. हात बघ त्याचा."

माझा भाऊ अमरावतीच्या कोर्टात कारकून होता आणि गुन्हेगार आपल्याला चेहऱ्यावरून कळतो अशी त्याची समजूत होती. मी म्हटलं, "चहाच तर पिताहेत." पण अमरावतीची गाडी पकडेपर्यंत त्याचा चेहरा काही सुधारला नाही.

ही गोष्ट छप्पन सालच्या जूनमधली. मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात फारसं कोणी तयार नव्हतं. दौलतकाकाजी आणि त्यांच्या बायको सुभद्राकाकू यांनी मात्र दोन प्रश्नांत खोली दिली. काकूंनी विचारलं, "पाणी कोण भरन?" मी म्हटलं, "मीच." काकाजींनी विचारलं, "सकायी फोटो धुवाचं पाणी लागते, तेवढं सोडसान ना?" मी हो म्हटलं, आणि आठ वर्षं तिथेच राहिले.

हात दारूनं हलत नव्हता. सरकारी डॉक्टर म्हणत नसांचं दुखणं आहे, वैद्य म्हणत वात आहे आणि गल्लीतले लोक म्हणत दारू आहे. काकाजी पहिल्या दोघांची औषधं घेत आणि तिसऱ्यांना बोलावून चहा पाजत. ते नुसते बसलेले असले तरी त्यांचा उजवा हात मांडीवर आपलाच काहीतरी उद्योग केल्यासारखा हलत असायचा. ते त्याच्याकडे बघून कधीमधी म्हणायचे, "हाताले काम नसलं का तो नुसताच हालते. काम असलं का कामात हालते. मंग काम दिलेलं बरं."

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा स्टुडिओ. तीन पायांच्या लाकडी तिपाईवरचा मोठा कॅमेरा, एक नक्षीची खुर्ची आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्याला पायऱ्या, दोन हंस आणि कोपऱ्यात देवळाचा कळस. तालुक्यातली निम्मी लग्नं या पडद्यासमोर जुळली असं काकू सांगायच्या, आणि त्यात फुशारकी नव्हती. दाखवायच्या मुलीचा फोटो काढायचा तर दौलतरावांकडेच, कारण त्यांच्याकडे पेन्सिल होती. त्या काळी देवी येऊन गेली नाही असं घर विरळा. मुलींच्या गालांवर व्रण असायचे. काकाजी निगेटिव्हची काच उजेडात धरून, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं त्या व्रणांवर ठिपक्याला ठिपका लावत बसत आणि फोटोत गाल साफ निघे. लग्न झाल्यावर नवऱ्याला खरा गाल दिसत असेलच, पण तोवर अक्षता पडलेल्या असत.

माझ्याही गालांवर ते व्रण आहेत. लोक त्याबद्दल एक तर मुळीच बोलत नाहीत किंवा कळवळून बोलतात. दोन्हींचा मला सारखाच संताप येतो. काकाजींनी मला पहिल्या आठवड्यातच नीट निरखलं आणि सुताराने लाकूड बघून बोलावं तसं म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचा चेहरा म्हंजे मले तीन घंट्याचं काम होतं. आता नाही जमत." त्यांच्याकडे राहायला आल्याचं मला त्या दिवशी खरं बरं वाटलं.

जमत नाही, कारण पेन्सिल ठेवून दिली होती. मी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात काकाजी काचेवरच्या एका मुलीच्या गालावर ठिपका द्यायला गेले आणि हात सरकून कानापर्यंत रेघ ओढली गेली. मुलाकडच्यांनी विचारलं, ही जखम कशाची. लग्न मोडलं नाही, पण काकाजींनी पेन्सिल कपाटात टाकली. मग लग्नाच्या मुली बसस्टँडजवळच्या एका तरण्या फोटोवाल्याकडे जाऊ लागल्या. तिपाईला हाताची गरज नव्हती, कॅमेरा स्थिरच होता. पण गिऱ्हाइकाला साफ गाल हवा होता, आणि तो तिपाई देऊ शकत नव्हती. मी गेले तेव्हा स्टुडिओत दुपारी मांजर झोपलेलं असे, नक्षीच्या खुर्चीवर.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सोनबाजी आले. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी बांधणारा, उंच, आवाजी माणूस. दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांचं सगळं घर बौद्ध होऊन आलं होतं. त्यांना घरच्या सगळ्यांचा पांढऱ्या कपड्यांतला फोटो हवा होता. स्टुडिओत येऊन त्यांनी पडदा पाहिला आणि उभेच राहिले.

"दौलतभाऊ, पडद्यावर देऊळ हाय."

"मंग?"

"घरातले देव नदीत सोडून आलो आमी. न् फोटोत देवळासमोर उभं राहू का?"

काकाजींनी विचार केला. "पडदा उलटा करतो ना."

"उलटा केला तरी देऊळ मांगं राहीनच," सोनबाजी म्हणाले. "आमच्या दारात या. दार आमचं हाय."

काकाजी गेले. बोळ इतका अरुंद की तिपाई उभी करायला जागा नाही. म्हणून घरातला लहान कॅमेरा, वरून खाली डोकावून बघायचा पेटीसारखा, तो गळ्यात अडकवून गेले. हातात कॅमेरा धरून फोटो काढायची त्यांची हिंमत तोवर झालेली नव्हती. समोरच्या घराच्या भिंतीला पाठ लावली, तेव्हा कुठे सोनबाजींचं सगळं घर चौकटीत मावलं. आणि भिंतीला पाठ लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की अंग थांबलं आहे, कोपरं पोटाला लावली की हातही थोडा थांबतो, आणि श्वास अर्धा सोडला की क्षणभर अगदी थांबतो. चहा पिताना सापडलेली युक्ती त्यांनी तिथे कॅमेऱ्याला लावली. सोनबाजींची सून कडेवरच्या पोरानं ओढलेल्या पदराकडे बघून हसली, तेवढ्यात कळ दाबली.

फोटो झाल्यावर त्यांनी तिथेच चहा घेतला, भिंतीला टेकून. ही बातमी त्यांच्या आधी बाजारात पोचली. एक पोक्त व्यापारी संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाले, "त्यांच्या घरचा चहा घेतला म्हने दौलतराव?"

काकाजी म्हणाले, "घेतला. न् सांडला नाही."

तो फोटो मी पाहिला आहे. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं उन्हात डोळे बारीक करून उभी, आणि मध्येच ती सून मोकळी हसतेय. तिच्याही गालांवर देवीचे व्रण होते, ते फोटोतही आहेत, पण बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जात नाही. काकाजी तो फोटो ओला असतानाच हातात धरून मला दाखवायला आले. हात इतका थरथरत होता की मला नीट दिसेना, शेवटी मी त्यांच्या हातातून घेतला. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, पेन्सिल लागते ते गप्प बसवलेल्या चेहऱ्याले. बोलत्या चेहऱ्याले लागतच नाही. मी तीस वर्सं लोकांले गप्प बसवलं न् मंग पेन्सिल घासत बसलो."

त्यानंतर हा माणूस स्टुडिओत सापडेनासा झाला. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळीच बाहेर. लख्ख ऊन असलं की कॅमेऱ्याची झडप झपकन उघडून मिटते, मग हात हलला तरी फोटोला कळत नाही, असं त्यांचं गणित. बाजारातल्या टेकायच्या जागा त्यांना पाठ होत्या: कडुलिंबाचं खोड, तेलाच्या दुकानाचा खांब, उभ्या बैलगाडीचं चाक. बैल जुंपलेल्या गाडीला ते कधी टेकत नसत. एकदा टेकले होते, आणि बैलाने माशी उडवल्यावर फोटोवालाही उडाला होता. टेकायला काहीच नसलं तर सुतळी. कॅमेऱ्याच्या बुडाशी सुतळी बांधलेली, तिचा फास बुटाखाली दाबायचा आणि कॅमेरा वर ओढून ती ताठ करायची. वर गळ्यातला पट्टा ताठ, खाली सुतळी ताठ, आणि मध्ये कॅमेरा जखडलेला.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं थांबणं. त्यांचं म्हणणं होतं की बाजार धावतो असं आपल्याला वाटतं, पण प्रत्येक माणूस मधूनच एकदा थांबतो, आणि ते थांबणं ओळखता आलं पाहिजे. कासार बंजारा तांड्यावरच्या बाईच्या हातात बांगडी चढवतो, ती बांगडी अंगठ्याच्या हाडावर येते तेव्हा तोही श्वास धरतो आणि तीही. डोक्यावर पाटी घेतल्यावर पहिलं पाऊल टाकायच्या आधी बाई थांबते. तराजूचा काटा मधोमध आला की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही थांबतात, एक लबाडीनं आणि दुसरा संशयानं. काकाजी त्याच वेळी आपलाही श्वास धरत. पुढच्या बाजाराला माणसं फोटो न्यायला येत आणि स्वतःला ओळखायला थोडा वेळ घेत. एका म्हातारीनं फोटो हातात धरून विचारलं होतं, "हे कोन होय? ही तं माह्या मायसारखी दिसते." ती स्वतःच होती.

बाजारात शिकलेलं ते घरी वापरत. कुलपात किल्ली घालताना आधी कपाळ दाराला टेकवत. सही करायची असली तर कागदावर मूठ ठेवून वाट बघत आणि हाताची एक लाट ओसरली की झर्रकन सही उरकत, पोस्टमन बिचारा उभा. जेवताना भाजीची वाटी तोंडाशी न्यायची नाही, तोंड वाटीशी न्यायचं. काकू हसत नसत, पण मी हसत असे, आणि काकाजींना माझं हसणं चाले.

एक अट मात्र त्यांनी स्वतःला घालून घेतली होती, आणि ती चारचौघांत बोलून दाखवली होती. स्टँडवरच्या तरण्या फोटोवाल्याची मित्रमंडळी एकदा ओट्यासमोर उभी राहून हाताची नक्कल करत होती. काकाजी शांतपणे बाहेर आले आणि म्हणाले, "पोट्टे हो, हात हालतेच. फोटो हालते का ते सांगा. ज्या दिवशी माहा एक फोटो हालला, त्या दिवशी कॅमेरा खुंटीवर." पोरं पांगली. पण गावानं ते ऐकलं, आणि ऐकलेलं गाव विसरत नाही. त्यांचा मुलगा शंकर नागपूरला नोकरीत होता, दर दिवाळीला "बाबा, आता बस करा, माझ्याकडे चला" म्हणायचा. काकाजींना नागपूरचं भय नव्हतं. मुलाच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून, मांडीवरच्या हाताकडे दिवसभर बघत राहायचं, याचं होतं. एकदा मला तसं बोललेही, आणि मग विषय बदलून शाळेच्या गळक्या छपराची चौकशी केली.

केळापूरच्या देवीच्या यात्रेतली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवरात्रात मी आणि काकू ओटी भरायला गेलो होतो, काकाजी कॅमेरा घेऊन बरोबर. गर्दीत टेकायला जागा मिळेना म्हणून त्यांनी सुतळी बुटाखाली दाबली, मान खाली घालून कॅमेऱ्यात डोकावले, डोळे अर्धे मिटलेले, श्वास धरलेला, आणि दोन्ही हात लटलट कापताहेत. जवळच संबळ वाजत होतं. एका खेड्यातल्या बाईनं ते पाहिलं आणि ती सरळ त्यांच्या पायाशी बसली. नारळ ठेवला, कॅमेऱ्याला कुंकू लावलं आणि हात जोडून विचारलं, "माय, पोरगी दिलेल्या घरी सुखात राहीन का?" तिच्या मागे आणखी चार बाया बसल्या.

काकाजींना मान वर करता येईना, कारण समोर जे हवं होतं ते आता येणार होतं. त्यांनी आधी कळ दाबली, मग म्हणाले, "मायबाई, अंगात नाही आलं माह्या. मी फोटोवाला हावो."

"असन," बाई म्हणाली. "देवी कोनाच्याही अंगात येते."

काकूंनी तोंडाला पदर लावला. शेवटी काकाजींनी त्या बाईला मुलीचं गाव विचारलं, नवरा काय करतो विचारलं, सासू कशी आहे विचारलं, आणि म्हणाले, "महिन्यानं जाऊन पाहून ये. डोयानं पाह्यल्याशिवाय कोनाच्या सांगण्यावर बसू नको." बाई समाधानानं उठली. घरी येताना काकाजी नारळ काखेत धरून म्हणाले, "एका दिवसापुरता का होईना, हाताले मान भेटला." कॅमेऱ्यावरचं कुंकू त्यांनी दिवाळीपर्यंत पुसलं नाही.

आता काकूंबद्दल. सुभद्राकाकू ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, आणि शब्दात पकडायला कठीण. फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत औषधांची तबकं भरायची, रीळ उलगडायची, हे काम काकाजींच्या हातांना जमेना तेव्हा काकू शिकल्या. काकाजी दाराबाहेर उभे राहून एकेक पायरी सांगत आणि आतून काकू "हो" म्हणत. वर्षभरात सांगायची गरज उरली नाही. त्यामुळे काढलेला प्रत्येक फोटो सगळ्यात आधी काकू बघत.

एकसष्ट-बासष्टच्या सुमारास हाताची थरथर वाढली. भिंत, खांब, सुतळी, सगळं करूनही कधीतरी फोटो हलू लागला. काकाजींना ते ठाऊक नव्हतं. काकू अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन सांगत, "हा गेला. उजेड लागला." काकाजी चिडत. "शंकरची माय, दार नीट लावता येत नाही का? मानूस दिवसभर उन्हात फिरते, न् तू एका फटीनं वाटोळं करतं." काकू मान खाली घालून म्हणत, "चुकलं." मला वाटे, एवढी नीटनेटकी बाई, तिच्या हातून उजेड लागतोच कसा. मग एका सकाळी अंगणात उग्र वास आला. काकू चुलीत काहीतरी सारत होत्या, काळं, वळवळत जळणारं, फोटोच्या फितीचे तुकडे. मी जवळ गेले, तशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बोलू नका, बाई. फोटोतल्या मानसाले पुन्हा बाजारात जाऊन काढता येते. ह्यांले पुन्हा उभं नाही करता येनार."

मी बोलले नाही. पुढे दोन वर्षं तो वास मधूनमधून येत राहिला, आणि पुढच्या ओट्यावरून काकूंवरचं ओरडणं ऐकू येत राहिलं. काही वेळा वाटे, बाहेर जाऊन सांगावं की काकाजी, तुमची बायको तुमच्यापेक्षा दसपट शहाणी आहे. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात सोनबाजी पुन्हा आले. जिनिंग सुटलं होतं, काठी आली होती, आवाज मात्र तोच. म्हणाले, "दौलतभाऊ, तवा सगळ्यांचा काढला. आता माहा एकट्याचा काढ. न् बोलताना काढ, गप्प नाही." ते आमच्याच ओट्यावर बसून गठाणीखाली सापडता सापडता वाचल्याची गोष्ट सांगू लागले. काकाजी ओट्यासमोरच्या कडुलिंबाला टेकून उभे. आकाशात ढग, ऊन नाही, म्हणजे झडप सावकाश मिटणार. मी खिडकीतून बघत होते. कळ दाबली तेव्हाच काकाजींचा हात वाहून गेल्याचं मला दिसलं.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "उजेड लागला." काकाजी इतके ओरडले, की तसं मी त्यांना ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. फोटोसाठी थांबलेल्या सोनबाजींनीच समजूत घातली, "पोळा झाल्यावर पुन्हा येतो ना, कुठं जातो मी." पण पोळ्याच्या आधीच ताप आला आणि ते गेले. दहा-बारा दिवसांनी त्यांची सून काकूंकडे आली. काकाजी झोपले होते. ती म्हणाली, "बावाचा फोटो काढलता म्हने. बिघडला असन तरी द्या. आमच्याजोळ त्यांचा एकट्याचा एकही नाही."

काकूंनी तो चुलीत घातला नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्या दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत गेल्या, फोटो छापला, पदराखाली घेतला आणि स्वतः जाऊन देऊन आल्या. लपवून ठेवा असं त्या सांगू शकल्या नाहीत. ज्याचा बाप, त्याची भिंत.

सोनबाजींच्या नावानं त्यांच्या घरी बुद्धवंदना होती, तेव्हा काकाजी आणि मी गेलो. काकूंनी घरीच राहते म्हटलं, आणि का ते मला कळत होतं. भिंतीवर पांढऱ्या कपड्यांतला तो जुना फोटो होता, आणि शेजारी, हार घातलेले, सोनबाजी. चेहरा एका बाजूला ओघळलेला, एका तोंडाची दोन तोंडं, वर झालेला हात नुसता पांढरा पट्टा. काकाजींनी जवळ जाऊन पाहिलं; उजेड लागल्याचा एकही डाग त्यावर नव्हता. सून जवळ येऊन म्हणाली, "बावा बोलत तवा असेच दिसत. डोकं हालवत, हात उडवत. तुमी बरोबर काढला, काकाजी." ती मनापासून बोलत होती. त्यांनी तिला नमस्कार केला. चहा आला तेव्हा ते भिंतीला टेकले, कोपर लावलं, श्वास धरला, आणि चहा धोतरावर सांडला.

परत येताना निम्म्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "किती जाळले तिनं?"

"मला माहीत नाही, काकाजी."

"म्हंजे जाळले."

घरी आल्यावर त्यांनी कॅमेरा खुंटीला अडकवला. तिसऱ्या दिवशी काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या, काकाजी पायरीवर बसले होते आणि माझं दार उघडं होतं. ते म्हणाले, "एवढा ओरडत होतो मी तुह्यावर. काहून आयकून घेत होती?"

काकूंनी सूप खाली ठेवलं नाही. "बोलणं खाल्ल्यानं मानूस मरत नाही," त्या म्हणाल्या. "बसून राह्यल्यानं मरते. तुमी हिंडून राह्यले होते ना. मले तेवढं पुरत होतं."

मी दार लावून घेतलं आणि रडले. पन्नाशी ओलांडलेल्या त्या दोन माणसांत जे होतं ते मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फारसं पाहिलं नाही.

कॅमेरा खुंटीवरच राहिला. मी भांडलेसुद्धा. म्हटलं, अट तुम्हीच घातली, तुम्हीच मोडा, कोण तुम्हाला पकडायला येणार आहे. ते म्हणाले, "तुमी पोरींले नापास करता ना, मास्तरीणबाई? मंग." हिवाळ्यात शंकर आला आणि नागपूरचं ठरलं. पडदा एका नाटकवाल्यानं नेला, तिपाई स्टँडवरच्या त्या तरण्या फोटोवाल्याला काकाजींनी स्वतः नेऊन दिली.

निघायच्या सकाळी एसटीपाशी आम्ही पाचसहा जण होतो. बाजारातला कासार, सोनबाजींची सून तिच्या मुलाला घेऊन, आणखी दोघंतिघं. काकाजी खिडकीशी बसले, पलीकडे काकू. हात मांडीवर होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून पोचल्यावर कळवा वगैरे बोलत होते. मग ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आणि ती जुनी गाडी नखशिखांत थरथरायला लागली. काचा, दांडे, बाकं, कंडक्टरची तिकिटांची पेटी, पुढच्या बाकावरच्या जाड्या गृहस्थांचे गाल, काकूंच्या कानातल्या कुड्या, सगळं हलत होतं. त्यात काकाजींचा हात वेगळा ओळखू येईना. त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी हात वर धरून पाहिला, गाडीतल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि हसले. कित्येक महिन्यांत त्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

काकूंनी मांडीवरच्या पिशवीतून कॅमेरा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. खुंटीवरून तो त्यांनी केव्हा काढून घेतला, कोण जाणे.

"गाडी हालून राह्यली," काकाजी म्हणाले.

"हालू द्या. काढा तुमी," काकू म्हणाल्या. "धुवाले मी हावो."

त्यांनी कॅमेरा घेतला. खिडकीला टेकले नाहीत, कोपर लावलं नाही, श्वासही धरला नाही. खाली डोकावून त्यांनी मला चौकटीत घेतलं. मी पदर सावरायला हात उचलला होता, तो तिथेच ठेवला. गाडी निघाली, धूळ डोळ्यांत गेली, पाणी आलं, तरी मी पापणी लवू दिली नाही. नागपूरच्या रस्त्याला वळून गाडी दिसेनाशी झाली, तेव्हाही मी तशीच उभी होते. तो फोटो हलणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण निदान माझ्या बाजूनं तो हलायला नको होता.